एका परिच्छेदाएवढा माणूस

चिनुआ अचेबे यांच्या १९५८च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीचा शेवट मनातून जात नाही. नायक ओकोंक्वोने गळफास घेतलाय. आत्महत्येने विटाळलेल्या देहाला गावकरी हात लावू शकत नाहीत, म्हणून परक्यांनाच तो उतरवायला सांगतात. आणि इंग्रज कमिशनर मनात हिशेब करतो: आपल्या पुस्तकात या माणसावर अख्खं प्रकरण नको, एक परिच्छेद पुरे. पुस्तकाचं नाव तर त्याने आधीच ठरवलेलं आहे.

शाळेत मुलांना सारांशलेखन शिकवतात, एक तृतीयांशात, मुद्देसूद. त्या कसोटीवर कमिशनर बहुधा पहिला यायचा! कुणी म्हणेल, आधी परिच्छेद तर नीट लिहिता येऊ दे, संस्कृतीचं मग बघू. म्हणणं रास्त आहे. विस्कळीत लिहून कुणाला न्याय मिळत नाही. पण कमिशनरचा दोष आटोपशीरपणाचा नाहीच. मित्राच्या मृत्यूने संतापलेला ओबिएरिका त्याच्या तोंडावर बोलतो, ते ऐकूनही तो काहीच विचारत नाही. काय गाळायचं हे ठरवण्याचं साधं कौशल्य इथे नैतिक होऊन बसतं. अचेबे यांनी ओकोंक्वोला त्याच्या क्रौर्यासकट जवळजवळ सगळी कादंबरी दिली. गाळलं त्यांनीही असणारच. काय, ते वाचणाऱ्याला कसं कळावं?