मेम्फिसची ती अठरा फुटी खोली

आमच्या इंदूरच्या भजनी मंडळाने आठ अभंग मुद्रित करून ठेवावयाचे ठरविले, त्याला कारण आमच्या आजी. मंडळातील सर्वांत वडील त्या, वय ८१, आवाज अजून सुरेल, परंतु दिवसेंदिवस उतरत चाललेला. वर्गणी गोळा करून आम्ही शहरातील एका ध्वनिमुद्रणगृहात गेलो. तेथे प्रत्येकीला काचेआड एकटे बसवून, कानांना यंत्रे लावून गावयास सांगितले. “कान बांधून कसं गाऊ गं?” आजी म्हणाल्या. हाती आले ते निर्मळ होते, पण बारा जणी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत असे वाटे. याउलट १९७४ साली आमच्या रामबागेतील घरी स्पूलवर घेतलेले भजन अद्याप आहे. त्यात फितीची सतत खरखर आहे, आणि तरीही ती बैठक समोर उभी राहते.

पैसे संपले होते. अशा मनःस्थितीत आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत गेलो. आमची तक्रार ऐकून ती म्हणाली, “आई, बाबा, तुम्हाला एक खोली दाखवते.”

मिसिसिपी नदीकाठच्या मेम्फिस शहरात ७०६, युनियन ॲव्हेन्यू येथे विटांची एक बुटकी इमारत आहे. सॅम फिलिप्स या आकाशवाणीवरील तंत्रज्ञाने ही जागा भाड्याने घेऊन जानेवारी १९५० मध्ये ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय मांडला. लग्ने, अंत्यविधी, जे मिळेल ते तो मुद्रित करी. मुख्य खोली जेमतेम अठरा फूट रुंद! छताला उलट-सुलट घड्या घातल्यासारखे कोन आहेत. आम्ही टाळी वाजवून पाहिली. नाद घुमला नाही, तसा विझलाही नाही. पूर्वी गायक-वादक जेथे उभे राहात, तेथे जमिनीवर फुल्या केल्या आहेत. त्या फुल्यांमधील अंतरे आम्ही पावलांनी मोजली.

१९५१ साली आइक टर्नरचा वाद्यवृंद येथे येत असता वाटेत गिटारचा ध्वनिवर्धक बिघडला. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने कर्ण्याच्या फाटक्या पडद्याशी कागद कोंबला आणि त्या घोगऱ्या आवाजासकट ‘रॉकेट ८८’ मुद्रित केले. लोकांना तो घोगरेपणाच आवडला. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस प्रेस्ली नावाचा पोरसवदा तरुण सुमारे ४ डॉलर भरून येथेच आपली दोन गाणी उतरवून घेऊन गेला. पुढल्या जुलैत त्याचे ‘दॅट्स ऑल राइट’ झाले, तेव्हा तबलजीच्या जागी कोणी नव्हते. बिल ब्लॅक आपल्या मोठ्या बासच्या तारा आपटून ताल भरून काढी. सारे एकदम गात-वाजवीत. कोणाचा आवाज कमी करावयाचा, तर त्याला मागे सरकवावयाचे!

प्रतिध्वनीसाठी निराळी खोली बांधण्याची ऐपत नव्हती. तेव्हा एका टेपरेकॉर्डरचा ध्वनी दुसऱ्यावर घेऊन तो क्षणभर उशिराने पुन्हा पहिल्यात सोडीत. लिहिणारे व वाचणारे शीर्ष यांत दोन इंच अंतर असेल आणि फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर हा उशीर सेकंदाच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढा पडतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए कंपनीने प्रेस्लीचा करार ३५,००० डॉलरला विकत घेतला. मात्र तोच प्रतिध्वनी साधण्यासाठी त्या धनाढ्य कंपनीला नॅशव्हिलच्या वास्तूत बाहेरच्या बोळाचा आश्रय घ्यावा लागला. हे ऐकून आम्हाला हसू आवरेना.

दिवसा प्रेक्षक आणि सायंकाळी मुद्रण, असा तेथील परिपाठ आहे. खोली दाखविणाऱ्या तरुणाला आम्ही भीतभीत विचारले, हा उबदार आवाज हवा तर यंत्र कोणते घ्यावे? त्याने आधी आम्ही बसतो कसे ते विचारले. मग फितीचे मर्म सांगितले: आवाज जोराने भरला की फितीवरील चुंबकीय थर ठरावीक मर्यादेपलीकडे तो झेलू शकत नाही, टोके तुटत नाहीत, गोलावतात.

इंदूरला परतल्यावर माळ्यावरचा स्पूलयंत्र खाली काढला. रबरी पट्टा चिकट झाला होता, तो एका जुन्या कारागिराने बदलून दिला. माजघरात सतरंज्या अंथरल्या, दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या. मध्ये एकच मायक्रोफोन; आजी त्याच्यापासून दोन हातांवर, बाकीच्या अर्धवर्तुळात, मृदंग कडेला, आणि झांजा थेट दाराशी. झांजवाल्या वहिनी रुसल्या. पण फितीवर त्यांची धार गोल होऊन आली, तेव्हा त्यांचा राग गेला.

आता एवढाच प्रश्न उरला आहे. चौथ्या अभंगात, आजींचा आवाज सर्वांत छान लागला असता, बाहेरून भाजीवाल्याची हाक आली आहे. सारे एकाच फितीवर, त्यामुळे ती पुसता येत नाही. काहींना ती हाक हवी आहे, काहींना नको. आजी म्हणतात, रविवारी पुन्हा बसू.