सही करण्याआधी

इंटरनेटचे पत्ते संपले म्हणजे नेमकं काय झालं, असं संपादकांनी विचारलं. पत्ता म्हटलं की लोक वेबसाइटचं नाव समजतात, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. मी बोलतोय ते त्या नावामागच्या आकड्यांबद्दल. आयपीव्ही-४ या पद्धतीतला पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्यात एकाचीही भर घालता येत नाही. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. अमेरिका-कॅनडाचं वाटप बघणाऱ्या ॲरिन या संस्थेचा साठा २४ सप्टेंबर २०१५ रोजी संपला.

मला लिहायचंय ते त्याआधीच्या २००९ बद्दल. मी तेव्हा अमेरिकेत एका इंटरनेट कंपनीत होतो. पत्त्यांचे अर्ज माझ्यासारखे इंजिनिअरच भरत. त्या वर्षी ॲरिनने कंपनीप्रमुखांना पत्रं पाठवली: १८ मे २००९ पासून अर्जातली माहिती खरी असल्याची ग्वाही कंपनीच्या अधिकारी व्यक्तीने द्यायची. आमच्यात कुरकुर झाली. ज्याला सबनेट (पत्त्यांचा छोटा गट) म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्या सहीला काय अर्थ?

नवे पत्ते हवेत तर आधी मिळालेल्या गठ्ठ्यातले ८० टक्के वापरात दाखवावे लागत. आमचा शेवटचा गठ्ठा ८,१९२ पत्त्यांचा. म्हणजे किमान ६,५५४. माझ्या तक्त्यात ६,७०० होते. सही करायची होती ती आमच्या उपाध्यक्षांनी. त्यांनी तक्ता समोर ओढला, १,०२४ पत्त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे गिऱ्हाईक तर गेल्या वर्षीच सोडून गेलं ना?"

गेलं होतं. राउटरवर त्यांची नोंद तशीच राहिली होती आणि मी ती मोजली होती. ती वजा केली तर वापर ६९ टक्के. उपाध्यक्षांना सबनेट कळत नव्हतं. गिऱ्हाइकं मात्र पाठ होती. मला अजून शरम वाटते, कारण नोंद जुनी असावी अशी शंका मला आली होती आणि मी ती तपासली नव्हती.

सहीने सगळं भागत नाही, हेही खरं. दक्षिण कॅरोलिनातल्या मिकफो कंपनीच्या अमीर गोलेस्तानने बनावट कंपन्या उभ्या करून ॲरिनकडून सुमारे साडेसात लाख पत्ते मिळवले. अस्तित्वातच नसलेल्या अधिकाऱ्यांच्या नावाने नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं दिली. २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सही करणारा माणूस खरोखर आहे का, हे वाटप करणाऱ्यानेच बघायला हवं. पण तो खरा असेल, तर ज्याच्या नावावर ठपका येणार तोच नेमका प्रश्न विचारतो. मी स्वतःला तो विचारला नव्हता.

आमचा अर्ज त्या दिवशी गेला नाही. पुढे ऑक्टोबरात गेला. सही करण्याआधी उपाध्यक्ष माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि राउटरवरची यादी ओळीओळीने वाचायला लावली. तासभर लागला.