चांदीच्या दुधाचा तक्ता

चांदी गेली त्या संध्याकाळी मी हिंजवडीत एका मीटिंगमध्ये होतो. आईचे चार मिस्ड कॉल. रात्री कळंबला पोचलो तेव्हा गोठ्यामागच्या लिंबाखाली ती ताडपत्रीखाली झाकलेली होती. विमा उतरवलेला, त्यामुळे सकाळी शवविच्छेदन. कानातला बिल्ला जपायला हवा, एवढंच दादा पुन्हा पुन्हा सांगत होते.

डॉक्टरांनी यकृतावर सुरी चालवली आणि ती कराकरा वाजली. पित्तनलिका चुना साचून कडक झालेल्या. त्यातून काळपट पित्ताबरोबर बाहेर आले ते पानासारखे चपटे, दीड-दोन इंचांचे किडे.

"लिव्हर फ्लूक. पर्णकृमी," डॉक्टर म्हणाले. "आजचे नाहीत हे. जंताचं औषध देत होता का?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं.

गोठ्याची एक्सेल मी बनवलेली. पाच गाई, रोजचं दूध, खुराक, लसी, आणि एक रकाना 'जंतनाशक'. चांदीच्या ओळीत तिथे हिरवी खूण होती. औषध मीच सुचवलं होतं, आयव्हरमेक्टिन. ते गोल जंतांवर चालतं, गोचिडांवर चालतं, पर्णकृमीला मात्र काही करत नाही. खूण खरी होती, तिचा अर्थ खोटा होता.

दूध सहा महिन्यांत हळूहळू उतरलेलं आलेखात स्वच्छ दिसत होतं. मी फोनवर दादांना म्हणालो होतो, "तुम्ही पेंड बदलून बघा." आईने मात्र एकदा सांगितलं होतं, "संध्याकाळी तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी दिसती रे." मी म्हणालो, फोटो पाठव. तिने सकाळी धारा काढून झाल्यावर पाठवला, त्यात काही नव्हतं. ही सूज दिवसभर मान खाली घालून चरल्यावर उतरते आणि रात्रीतून ओसरते, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर काही आठवडे ऑफिसची कामं संपली की मी हेच वाचत बसायचो. आपल्याकडचा हा किडा फॅसिओला जायगँटिका. कॉबोल्डने 1855 साली जिराफाच्या यकृतातून त्याचं वर्णन केलं. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, अळी पाणगोगलगाईत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात आणि बाहेर पडून गवतावर कोष करून बसतात. डिंभे धरणाचं आवर्तन सुटलं की घोडनदीचा काठ भर उन्हाळ्यात हिरवा असतो, आणि आमची गुरं त्या हिरवळीवरच जगतात. गिळलेली अळी आतडं भेदून यकृतात येते, महिना-दोन महिने ते पोखरत फिरते आणि मग पित्तनलिकेत मुक्काम. शेणात अंडी दिसायला तीन-चार महिने लागतात.

पण गाय इतके दिवस गप्प कशी राहते? माझा खरा प्रश्न हाच होता, आणि उत्तर जनुकांच्या अभ्यासात सापडलं. प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. कुठलं जनुक कधी वाचलं जातं, यावर सगळं ठरतं. आमच्या भाषेत कोड तोच, कॉन्फिग वेगळं. पेशीतला आरएनए मोजला की कुठली जनुकं चालू आहेत ते लॉग वाचल्यासारखं कळतं. चीनमध्ये म्हशींच्या यकृतावर असं काम झालंय. आयर्लंडमध्ये आपल्याच किड्याच्या थंड प्रदेशातल्या भावंडाची लागण गाईंना करून, पहिल्या आणि चौदाव्या आठवड्यात त्यांच्या रक्तपेशी तपासल्या.

अशा अभ्यासांतून दिसतं ते असं. किडा आपले स्राव सोडून गाईच्या रोगप्रतिकारक पेशींचा सूर बदलतो. जोरदार हल्ल्याचा संदेश देणारं इंटरफेरॉन-गॅमा मंदावतं, 'शांत राहा, डागडुजी करा' म्हणणारे इंटरल्यूकिन-10 आणि टीजीएफ-बीटा वाढतात. यकृतात कोलॅजनची जनुकं जोरात चालतात आणि जखमेजागी व्रण साठत जातो. म्हणजे शरीर झोपलेलं नसतंच. ते भलत्याच कामाला लागलेलं असतं. सुरीखाली वाजला तो चुना याच डागडुजीवर चढलेला.

याचा त्रास यकृतापुरता राहत नाही. 2012 साली ब्रिटनमधल्या संशोधनात दिसलं, की पर्णकृमी असलेल्या गाईत क्षयाची त्वचाचाचणी कमी लागते. ती चाचणी ज्या प्रतिक्रियेवर उभी आहे, तीच किड्याने दाबलेली असते. हे वाचून मी लॅपटॉप मिटला. आई ज्या संध्याकाळबद्दल बोलत होती, तिचा फोटो मी सकाळी मागून घेतला होता.

हे सगळं दादांना सांगायचा प्रयत्न केला. जनुक वगैरे त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ती सोसत होती म्हणून कळलं नाही, असंच ना?"

बाकीच्या चार गाईंचं शेण तपासून आणलं. दोघींत अंडी सापडली. डॉक्टरांनी ट्रायक्लाबेंडाझोल दिलं आणि ठरावीक दिवस त्यांचं दूध डेअरीत घालू नका म्हणाले. नदीकाठचं गवत तोडणं थांबवणं शक्य नाही, उन्हाळ्यात दुसरं आहेच काय? दादा ते आता उन्हात कडक वाळवून घालतात. एक्सेलमध्ये 'जंतनाशक' रकान्यात मी खुणेऐवजी औषधाचं नाव लिहितो, आणि शेजारी एक नवा रकाना केलाय, 'आई काय म्हणाली'. काल त्यात लिहिलंय : कपिला वैरण शिल्लक ठेवते. डॉक्टरांना दुपारीच फोन केला, ते उद्या येतील.