नडगीला बांधलेला मोबाइल

गेल्या वर्षी आमच्या सौ.चा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, पण खरी परीक्षा त्यानंतर असते. सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायाम टाळला, तर सांधा आखडतो. खुर्चीतून नीट उठायचं तर गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकायला हवा, आणि पाय पूर्ण सरळही व्हायला हवा.

कुरुळीहून फिजिओथेरपीला जायचं म्हणजे पुणे-नाशिक रस्ता आणि चाकणची वाहतूक! अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी अर्धा दिवस रिक्षात. घरी येईपर्यंत पाय सुजलेला. ती म्हणाली, "राहू दे आता, लंगडत चालेन." मला धस्स झालं.

मग फिजिओ मॅडमनीच उपाय काढला. सौ.ने कॉटच्या कडेला बसायचं, मोबाइल पट्ट्याने नडगीला बांधायचा आणि पाय मागे न्यायचा. किती अंश ते पडद्यावर दिसतं. मॅडम व्हिडिओ कॉलवर बघणार. (डॉक्टरांनी दुरून सल्ला कसा द्यावा, याचे सरकारी नियम मार्च २०२० मध्येच आले.)

मोबाइलला कोन कळतो कसा? आतल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा लवचीक आधारांवर टांगलेला असतो. फोन कलला की गुरुत्वाकर्षणाने तो किंचित सरकतो, त्यावरून कल मोजतात. असे सेन्सर १९९०च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी मोठ्या संख्येने बनू लागले आणि स्वस्त झाले. म्हणजे आमच्या चाकणच्या मोटारींचेच हे भाऊबंद!

आयुष्यभर पोरांना कोनमापक धरायला शिकवला, आता वहीत बायकोचे अंश लिहू लागलो. ७२, ७४, ७४, ७९... एकदा एकदम ८८! मी खूश. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "काकू, कंबर खाली!" बाईसाहेब कंबर उचलून पुढे झुकल्या होत्या. नडगी कलली, गुडघा होता तिथेच. एकट्या सेन्सरला मांडी कुठे आहे ते काय कळणार? २०१० साली आलेला खेळाचा 'किनेक्ट' कॅमेरा शरीराचे २० बिंदू टिपायचा, म्हणून अशा व्यायामांसाठी अनेक संशोधकांनी तो वापरून पाहिला. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. आता साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही असे बिंदू टिपता येतात.

दुखतंय किती, हे मात्र यातलं काहीच सांगत नाही. ते मॅडम दर वेळी विचारायच्या, आणि आकडा कमी असला तरी कधीकधी "आज पुरे" म्हणायच्या.

असो. वहीतला शेवटचा आकडा ११४ आहे. सौ. आता जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालते. रस्त्याला कंटाळून कुणाचा व्यायाम सुटला असेल, तर आपल्या फिजिओला एकदा विचारून बघा.