उंबऱ्यावरची थरथर

सेकंदाला ५८,००० वेळा! बोटाच्या दोन पेरांएवढी धातूची पट्टी, आणि ती एवढ्या वेगानं थरथरते. कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, आपल्या कागलात, गैबी चौकाजवळच्या तयार कपड्यांच्या दुकानात, मोज्यांच्या पाकिटावर चिकटवलेल्या पांढऱ्या लेबलाच्या पोटात. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

दुकानाच्या दारात दोन खांब उभे असतात ना, मॉलमध्ये असतात तसले, त्याला दुकानदार नुसतं ‘गेट’ म्हणतात. ते काय करतं, असं मी सहज विचारलं, तर दुकानदार दादांनी गल्ल्याखालून फाटकं लेबल काढून माझ्या तळहातावर ठेवलं. आत चकचकीत, केसासारख्या हलक्या पट्ट्या. मी नखानं उचलायला गेले तर फुंकरीनं उडतील की काय अशा. “ताई, ही आत मोकळी असती बगा. मोकळी हाय म्हणून तर थरथरती,” दादा म्हणाले.

तर होतं असं. गेट ५८ किलोहर्ट्झचा चुंबकीय झटका सोडतं आणि लगेच गप्प होतं. देवळातल्या घंटेचा टोल थांबला तरी नाद रेंगाळतो, तशी ती पट्टी झटका थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहते आणि त्या थरथरण्यातून क्षीण उत्तर देते. गेट नेमक्या त्या शांततेत कान लावून बसलेलं असतं, उत्तर ऐकू आलं की वाजतं! झटका, शांतता, झटका, शांतता, सेकंदाला ५० ते ९० वेळा. आपण उंबरा ओलांडतो तेवढ्यात किती वेळा विचारून होतं बघा. पैसे भरले की गल्ल्यावरच्या चौकोनी पॅडवरून पाकीट फिरवतात. लेबलात दुसरी एक चुंबकपट्टी असते, पहिलीचा सूर तीच धरून ठेवते. पॅड तिचं चुंबकत्व काढून घेतं, सूर बदलतो, आणि गेटला ती पट्टी ओळखू येईनाशी होते. म्हणजे आपल्या घरात अशा किती मुक्या पट्ट्या येऊन पडल्या असतील!

याचं मूळ शोधत गेले तर थेट अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रन गावात पोचले. १९६० च्या दशकात रॉन असाफ तिथल्या सुपरमार्केटचा व्यवस्थापक होता. वाइनच्या बाटल्या घेऊन पळालेल्या चोरामागे तो धावला, चोर निसटला, आणि यावर जो तोडगा काढील तो मालामाल होईल, असं तो वैतागून म्हणाला. त्याच्या एका भावानं ते मनावर घेतलं. त्यातून ‘सेन्सरमॅटिक’ कंपनी उभी राहिली. त्यांचे सुरुवातीचे टॅग वेगळ्या तंत्राचे होते, हे थरथरणारं लेबल पुढे त्याच कंपनीनं बाजारात आणलं.

पण मला वेड लावलं ते विज्ञानापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीनं. हे गेट माणसाकडे बघतच नाही! उसाचं बिल जमा झालं की आसपासच्या खेड्यांतली घरंच्या घरं कागलच्या बाजारात उतरतात. धोतर, नऊवारी, पायात चिखलाच्या चपला. मोठ्या दुकानात अशा माणसांच्या मागे एक पोरगा सावलीसारखा फिरताना मी पाहिला आहे, आणि ते पाहून दरवेळी जीव तुटला आहे. परीटघडीच्या शर्टाच्या मागे कुणी फिरत नाही. गेटला यातलं काही कळत नाही. निपाणीकडचं कानडी बोलणारं गिऱ्हाईक असो नाहीतर एमआयडीसीतून सुटलेला परप्रांतीय कामगार, ते फक्त मालाला विचारतं. संशय माणसावरून उठून वस्तूवर जाऊन बसला, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

मग मला जिथे तिथे तेच दिसायला लागलं. सराफाच्या पेढीवरचा अंगठ्यांचा ट्रे घ्या. त्यात खाचा का असतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शोभेसाठी असतील असं वाटायचं. छे! खाच रिकामी दिसली की अंगठी कमी, मोजायलाच नको. एक ट्रे आत गेल्याशिवाय दुसरा बाहेर येत नाही, आणि रात्री तिजोरीत ठेवताना सगळा ट्रे काट्यावर चढतो, वजन चिठ्ठीशी ताडून बघितलं जातं. गिऱ्हाइकाला एका शब्दानं दुखावलेलं नसतं. साड्यांच्या गादीवर एक जण दाखवतो आणि दुसरा घड्या घालत बसतो, त्या घड्या म्हणजे चालू मोजदादच. किराणा दुकानाची फळी तर या सगळ्याची आजी. माल फळीमागे, माणूस फळीपुढे. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला ‘पिग्ली विग्ली’ नावाचं दुकान निघालं आणि गिऱ्हाइकानं टोपली घेऊन स्वतःच माल उचलायची रीत आली. माल मोकळा झाला, तशी राखणीची नवी कोडीही आली.

गल्ल्याची घंटासुद्धा त्यातलीच. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या डेटनच्या जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्यानं नोकरांनी पैसे लांबवू नयेत म्हणून रोकडयंत्र काढलं. पुढे अशा यंत्रांत खण उघडला की घंटा वाजायला लागली.

कॅमेऱ्याचं मला तेवढं कौतुक नाही. तो बहुतेक वेळा चोरी झाल्यावर सांगतो, आणि तेही कुणीतरी बसून बघितलं तर.

आणि गेट वाजलंच तर? मी हे विचारलं तेव्हा दादांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. उरुसाच्या गर्दीतसुद्धा ते कुणाचा हात धरत नाहीत, आवाज चढवत नाहीत. पुढे होऊन म्हणतात, “मावशी, आमच्या पोराकडनं टॅग काढायचा ऱ्हायला वाटतं, द्या बघू पिशवी.” बऱ्याचदा ते खरंच असतं, गल्ल्यावरच्या पोराची घाई. आणि खरं नसतं तेव्हा समोरच्याला वस्तू परत ठेवायला वाट मिळते. चारचौघांत कुणाची अब्रू जात नाही, माल जागेवर येतो, आणि मागची रांग पुढे सरकते.

आता तर कायद्यानंही असाच दरवाजा किलकिला ठेवला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. दादांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं तर त्यांनी ते कलम बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि मलाच उलट विचारलं, “ताई, ही समाजसेवा कागलात नेमकी कुठं करायला लावत्यात?” तेवढं आता कोर्टातल्या वकिलांना गाठून विचारायचं आहे.