पश्चिमेस गिरनार

गेल्या वर्षी अक्षय्यतृतीयेला चाटी गल्लीतील दुकानाच्या किल्ल्या मी चिरंजीवांच्या हाती दिल्या आणि घरी येऊन एक कोरी चोपडी काढली. बेचाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाला चोपडीवाचून विचार करता येत नाही. पहिल्या पानावर स्वस्तिक काढले, खाली 'श्री' लिहिले आणि त्याखाली लिहिले : जगप्रवास.

कल्पना मुलाची होती. बाबांनी आयुष्यभर मुंबई, सुरत, इचलकरंजी एवढेच पाहिले, आता जग पाहावे, असे त्याच्या मनाने घेतले. जानेवारीत इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून निघायचे, अटलांटिक ओलांडायचा, पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरायचे, ऑस्ट्रेलियाला वळसा घालून हिंदी महासागरातून परत यायचे. सुमारे चार महिने एकच खोली, एकच अंथरूण, आणि सकाळी खिडकी उघडली की नवे गाव. सामानाची बांधाबांध एकदाच. गुडघे दुखणाऱ्या माणसांना याहून सोयीचा प्रवास नाही, हे मलाही पटले. शिवाय चातुर्मासाच्या आत घरी परतायचे होते, त्यामुळे हिचीही हरकत दिसली नाही. मुलाने आगाऊ रक्कम भरली. आकडा येथे लिहीत नाही. सोलापुरात तेवढ्यात एक लहान घर होते.

सोलापूरला समुद्र नाही. पाण्याचे म्हणाल तर सिद्धेश्वराचे तळे आणि नळाला चार दिवसांनी येणारे पाणी. तरीही आगबोटीचे वेड या गावाला अगदीच परके नाही. वालचंद हिराचंद 23 नोव्हेंबर 1882 रोजी याच गावात, आपल्याच समाजातील दोशी घराण्यात जन्मले. त्यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासमवेत 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि 5 एप्रिल 1919 रोजी कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या स्मरणार्थ आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. माझ्या लहानपणी घरातील वडीलधारी मंडळी ही हकिगत अशा थाटात सांगत, की जणू ती बोट फलटण गल्लीतूनच सुटली होती.

जगप्रवासाची तयारी म्हणून वाचीत असता मला या बोटीचा पूर्वेतिहास सापडला आणि मी हर्षाने हिला हाक मारली. 'लॉयल्टी'चे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने ती बांधवून घेतली आणि 1891 च्या फेब्रुवारीत ती लिव्हरपूलहून सुएझमार्गे हाँगकाँग व तेथून व्हँकुव्हरला गेली. त्या पहिल्याच सफरीची तिकिटे कंपनीने 'पृथ्वीप्रदक्षिणा' म्हणून विकली होती. पुढे 1914 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली, महायुद्धात तिचे रुग्णालय झाले आणि अखेर ती वालचंदांच्या कंपनीकडे आली. म्हणजे आमच्या गावच्या माणसाने घेतलेली पहिली बोट ही मुळात पृथ्वीप्रदक्षिणेचीच बोट! हे मी हिला दोनदा सांगितले. ती हसली आणि तांदूळ निवडीत राहिली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

चोपडीत रकाने वाढू लागले. पारपत्र, व्हिसा, विमा, औषधे. पनामाकडून येणाऱ्या प्रवाशांना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि साठी उलटलेल्यांना ती लस जपून द्यावी लागते, म्हणून डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. खरी अडचण आहाराची. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेले भोजन आधी कळविल्यास मिळेल, असे कंपनीने कळविले. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल काय, या प्रश्नास मात्र 'रात्रीचे भोजन साडेसहापासून' असे उत्तर आले. खोलीत शेगडी, किटली काही चालत नाही. आगीचे भय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बंदरांत बियाणे व कोरडे जिन्नस यांची झडती होते, ते निराळेच.

माझी सारी भिस्त कडक भाकरीवर होती. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी महिनामहिना टिकते. त्यावर पृथ्वी पालथी घालता येईल, असा माझा हिशेब. हिने तो एका वाक्यात मोडला. "अहो, टिकते म्हणजे मर्यादेत राहते असे नव्हे." एरवी ही गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग आणि रात्रीभोजनाचा त्याग एवढे पाळते, परंतु अष्टमी, चतुर्दशी आणि आष्टाह्निक पर्वात शुद्ध भोजनाचा तिचा नियम आहे. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. पाण्यात मळलेल्या भाकरीची तर त्या दिवसापुरतीच. फाल्गुनातील आष्टाह्निक भर समुद्रात येणार होते. "आठ दिवस फळे आणि दूध," ती म्हणाली आणि विषय संपला.

तिथीचा घोळ याहून मजेचा. पश्चिमेकडे जाणारी बोट दर काही दिवसांनी घड्याळ तासभर मागे घेते आणि पॅसिफिकमध्ये 180 अंशाची रेषा ओलांडली की दिनदर्शिकेतील एक आख्खा दिवस गळून पडतो. मी पंचांग आणि बोटीचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले, तर गळणारा दिवस नेमका चतुर्दशीचा! उपवास करायचा कोणत्या दिवशी? मी एका पंडितजींना विचारले. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "सूर्य पाहा. घड्याळ त्यांचे, सूर्य आपला." रात्रीभोजनाचे उत्तर त्यात मिळाले, चतुर्दशीचे नाही. ही म्हणाली, दोन्ही दिवस करू.

आपल्यापूर्वी कोणी हे सोसले नाही असे नाही. महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला गेले. निमंत्रण होते आचार्य विजयानंदसूरि ऊर्फ आत्मारामजी महाराजांना. साधूंना पायी विहाराखेरीज गती नाही, म्हणून त्यांनी या तरुण श्रावकास पाठविले. परदेशात त्यांनी आपला आहार सांभाळला आणि तरीही समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काहींचा रोष ओढवून घेतला. ही हकिगत मी हिला सांगत होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "त्यांनी दिशांचे परिमाण केले नसेल."

मी गप्प झालो.

ती उठून देवघरातून एक लहान वही घेऊन आली. 2006 च्या फेब्रुवारीत आम्ही श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकास गेलो होतो. तेथे एका मुनिमहाराजांसमोर तिने बारा व्रतांपैकी काही घेतली होती. वहीत तिच्या अक्षरात लिहिले होते : पूर्वेस सम्मेदशिखर, उत्तरेस हस्तिनापूर, दक्षिणेस कन्याकुमारी, पश्चिमेस गिरनार. यावज्जीव.

दिग्व्रत हे पहिले गुणव्रत. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितले आहे की नद्या, पर्वत, समुद्र, नगरे अशा ओळखीच्या खुणांनी दिशांची सीमा बांधावी. सीमेबाहेर मग आपल्या हातून सूक्ष्म पापही होत नाही. तेवढ्या प्रदेशापुरती श्रावकाची अणुव्रते महाव्रतांच्या योग्यतेला पोचतात. व्यापाऱ्याला या व्रताचे मर्म कोणी समजावून सांगावे लागत नाही. दूरच्या बाजारात भाव चढल्याची वार्ता आली की रात्रीची झोप जाते, हे ज्याने अनुभवले त्याला ते ठाऊक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वर, खाली आणि तिरपे मर्यादा ओलांडणे हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने सीमा वाढविणे. पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे सीमा विसरणे.

व्रत तिचे होते, पण विसरलो मी. तिने महाराजांसमोर हात जोडले तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. त्या दिवशी माझे लक्ष, खरे सांगतो, परतीच्या गाडीकडे होते.

"मग इतके महिने बोलली का नाहीस?" मी विचारले. स्वर थोडा चढलाच. पारपत्रे नवी झाली, पैसे गेले, नातेवाइकांत बोभाटा झाला.

"तुमचा उत्साह पाहून जीभ उचलेना," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मलाही जावेसे वाटत होते. म्हणून वही उघडत नव्हते."

या उत्तरावर मला काही सुचले नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हिने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. मला वाटत होते, मी हिला जग दाखवायला नेतो आहे आणि ही माझ्यासाठी येते आहे. प्रत्यक्षात तिलाही समुद्र हवा होता, तो पाहण्यासाठी ती मनाशी वाद घालीत होती, आणि तो वाद ती हरू इच्छीत होती.

पुढचे पंधरा दिवस बरे गेले नाहीत. मुलाने युक्तिवाद केले. प्रायश्चित्त घेता येते. महाराजांकडून मोकळीक मागता येईल. पूर्वेची सीमा कमी करून पश्चिमेची वाढवावी. सूनबाई एकटीच म्हणाली, "आईंना विचारा की." मी विचारले. ती म्हणाली, "मोकळीक मागायला गेले तर मिळेलही. पण मागायला गेले म्हणजे क्षेत्रवृद्धी झालीच." मग तिने माझ्या मोज्यांच्या जोड्या मोजून बॅगेत भरायला घेतल्या. मी एकट्याने जावे, असे तिचे ठरले होते. तुमचे व्रत नाही, पैसे भरलेले आहेत, आणि तुम्ही लहानपणापासून वालचंद वालचंद करता आहात, तर जा.

मी जाण्याच्या बेतात होतो, हे लपवीत नाही. दोन दिवस तसे ठरलेलेही होते. मग एका दुपारी ही झोपली असता मी नातवाचा नकाशांचा मोठा संग्रह काढला आणि हिच्या वहीतील चार नावांवर पेन्सिलीने चार रेषा ओढल्या. मनात काही नव्हते. हद्द केवढी लहान आहे ते पाहावे, एवढेच. चौकोन पाहिला आणि लक्षात आले, की त्यात पाणीही आहे. गिरनार साडेसत्तर पूर्व रेखांशावर आहे. कवरत्ती त्याच्या पूर्वेला, सुमारे 72 अंश 38 कलांवर. लक्षद्वीप हद्दीच्या आत! दक्षिणेकडे मात्र श्वास रोखावा लागला. कन्याकुमारी 8 अंश 5 कला उत्तर अक्षांशावर आणि मिनिकॉय 8 अंश 17 कलांवर. बारा कलांचा फरक, म्हणजे बारा सागरी मैल, सुमारे 22 किलोमीटर. सूत बाजारातही एवढ्या बारीक फरकावर मी कधी सौदा केला नव्हता.

ही उठल्यावर नकाशा दाखविला. तिने चष्मा लावून चारही रेषा पुन्हा तपासल्या. माझ्यावरचा विश्वास त्या दिवसांत जरा पातळ झाला होता. "बोट खाली सरकणार नाही ना?" एवढेच तिने विचारले. बोट कोचीहून निघते, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय करून पाचव्या दिवशी कोचीस परतते. मिनिकॉयच्या खाली तिला काही काम नाही. "मिनिकॉयला दीपगृह आहे," मी म्हणालो, "1885 सालचे." ती म्हणाली, "लिहून घ्या मग."

जगप्रवासाचे आगाऊ पैसे करारातील अटीप्रमाणे निम्म्याहून कमी परत आले. उरलेली रक्कम मी चोपडीत नावे लिहिली, तेव्हा कोणत्या खात्यावर टाकावी हा प्रश्न पडला. प्रवासखर्च म्हणावा तर प्रवास झाला नाही. धर्मादाय तर नव्हेच. कोणी मनापासून दिलेले नाहीत ते. मुलगा अजून अधूनमधून त्या रकमेचा उल्लेख करतो आणि त्यात त्याचे चुकते असे मला वाटत नाही. तूर्त ते 'किरकोळ' खात्यावर पडून आहेत.

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो. जगाच्या व्हिशांसाठी जमविलेली छायाचित्रे त्या कामी आली. कोचीत मट्टांचेरीला 1904 साली उभारलेले धर्मनाथ भगवंतांचे मंदिर आहे. आमचे दिगंबरांचे नसले तरी दर्शन आणि गाळलेल्या पाण्याची सोय तेथे होईल. बोटीवर रात्रीचे जेवण उशिरा असते, तेव्हा सायंकाळची शिदोरी आमची आम्हीच न्यायची. एक चतुर्दशी वाटेत येते, आणि या खेपेस ती दिनदर्शिकेतून गळत नाही.

परवा रात्री हिने दिवस मोजले. रेल्वेचे दोन, बोटीचे पाच. हिवाळ्यातील पिठाची मर्यादा सात दिवसांची, आणि पाण्याचा अंश नसलेल्या लाडवाला पिठाइतकीच मर्यादा. गहू निवडून ठेवले आहेत. निघण्याच्या दिवशी पहाटे दळायचे, त्याआधी नाही, असे तिने मला दोनदा बजावले. गाडी दुपारची आहे. घरघंटीचा पट्टा जुना झाला आहे, तो उद्या बदलून आणतो.