कुलटीचा गोळा

मी कामठीचा. आमच्या गावाच्या नावाचा खडक आहे हे कॉलेजात कळलं, आणि दगडांना नाव देणारी गावं पाहून यायचा नाद लागला. त्या नादात आसनसोलला उतरलो नि कुलटीची ऑटो धरली. निघताना आई म्हणाली होती, "असलं कसलं रे गावाचं नाव?"

पुढे बराकर नदी, नदीपलीकडे झारखंड. अलीकडेच एका ओढ्याच्या काठी हवी ती दरड सापडली. काळपट करडा शेल. नखाने उचकटला तर पापुद्रा सुटून येतो. मधूनमधून तांबूस पट्टे, त्यांत बटाट्याएवढे गोळे. एक उचलला, तर आकाराच्या मानाने भलताच जड. हातोडी घातली. कांद्यासारखी गंजकी साल निघाली, आत राखाडी, घट्ट गाभा. हे सिडेराइट, लोहाचं कार्बोनेट.

बकऱ्या चारणाऱ्या एका आजोबांनी वाकून विचारलं, "कोयला?" मी नाही म्हणून मान हलवली तसे ते चालू लागले.

त्यांचं काही चुकलं नाही. खालच्या बराकर थरांत कोळसा, वरच्या राणीगंज थरांतही कोळसा, मधला हाच रिकामा. म्हणून 'बॅरन मेझर्स', वांझ थर. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्डने 1858 ते 1860 या काळात हा मुलूख पायाखाली घातला आणि 1861च्या अहवालात याला 'आयर्नस्टोन शेल' म्हटलं. जे नाही त्यापेक्षा जे आहे त्यावरून नाव ठेवणारा माणूस मला आवडतो. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी साचल्या पाण्यात, प्राणवायू कमी असताना, चिखलात लोहाच्या या गाठी धरल्या. पुढे गावावरून 'कुलटी' हेही नाव पडलं. आधी वांझ, मग कुलटी. आईला सांगायची सोय नाही.

आमच्या वर्धा खोऱ्यात कुलटीच्या जागी, बराकर आणि कामठी थरांच्या मध्ये, मोतूरची रंगीत चिकणमाती येते. तिचं नावही सातपुड्यातल्या मोतूर गावावरूनच.

1870च्या दशकात हेच गोळे जवळच्या कोळशावर वितळवून कुलटीत लोखंड काढू लागले. पुढे सिंहभूमचं कसदार खनिज आलं, गोळ्यांना कोणी विचारेना.

मी आणलेला गोळा घरी दाराला अडण म्हणून आहे. पावसाळ्यात फरशीवर त्याचा तांबडा डाग उमटतो. आई पुसते आणि विचारते, "परत गेलास की टाकून येशील ना?"